मंगळवार नसलेला आठवडा

[दृश्य: मोबाइलवर टिपलेला समुद्र. चौकट किंचित हलते आहे.]

जहाजाने लॉस एंजेलिस सोडून दोन दिवस झाले, तरी खिडकीबाहेर काही बदललेलं नाही. बदललंय ते घड्याळ. रात्री केबिनमध्ये चिठ्ठी आली : झोपण्यापूर्वी घड्याळ एक तास मागे करा. होनोलुलू येईपर्यंत अशी चिठ्ठी दोन-तीनदा येते.

हे सगळं चित्रण काकांचं आहे. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहणारे हे काका-काकू प्रशांत महासागर ओलांडून सिडनीला निघाले होते. काकांनी दिसेल ते टिपलं. ताटं जरा जास्तच टिपली. त्यातली बंदरं आम्ही जवळजवळ सगळी कापली आहेत. हवाई आणि ताहिती जाहिरातीत दिसतातच. जाहिरातीत दिसत नाहीत ते मधले दिवस, ज्यांना जहाजावर 'सी डे' म्हणतात. लांबच्या क्रूझवर खरा मुक्काम असतो तो त्या दिवसांत.

जहाज चालतं साधारण २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. नागपूरच्या रिंग रोडवर कुणी असं चालवलं, तर मागचा हॉर्न वाजवून जीव घेईल. पण जहाज थांबत नाही. चोवीस तासांत ते जवळपास ८९० किलोमीटर जातं, नागपूर-मुंबई रेल्वेमार्गापेक्षा थोडं जास्तच. तरी होनोलुलू गाठायला चार-पाच दिवस, आणि तिथून ताहितीला पुन्हा तेवढेच.

[दृश्य: डेकवर चालणारी माणसं.]

काकांची अंबाझरी तलावावरची सकाळची फेरी इथंही चुकली नाही. उघड्या डेकवर सहा वाजता चालणारे ठरलेले असतात. तिसऱ्या दिवशी मान हलते, पाचव्या दिवशी गुडघेदुखीची चौकशी होते. पण ओळखी खऱ्या पिकतात कपडे धुण्याच्या खोलीत. प्रवाशांसाठी यंत्रं मोजकी, वाट पाहणारे पुष्कळ. केबिनमध्ये इस्त्री आणायला बंदी असते, कारण समुद्रात सगळ्यांत मोठी धास्ती आगीची. म्हणून इस्त्रीलाही इथंच रांग. कोण कुणावर नाराज आहे, कुठल्या डॉक्टरांनी किती बिल लावलं, सगळं काकूंना तिथं कळलं. जहाजावर डॉक्टर आणि नर्स असतात, पण दवाखाना लहान आणि महागडा. फार बिघडलं, तर पुढच्या बंदरावर उतरवतात. प्रवासविमा न काढता निघू नका, हे आमच्याकडून.

बुफेच्या दारात एक मुलगी हात धुवायची आठवण करून देत उभी असते. ती नम्र असते आणि ती कुणालाच सोडत नाही. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस एका माणसाकडून शंभरांकडे जायला वेळ लागत नाही, आणि त्याच्यावर सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी बरं. पाणी जहाज स्वतःच तयार करतं, समुद्राचं खारं पाणी गोडं करून. ओला कचरा किनाऱ्यापासून पुरेसं दूर गेल्यावर समुद्रात सोडायला आंतरराष्ट्रीय नियमांत परवानगी आहे. प्लास्टिकला कुठंच नाही.

काकू शाकाहारी. उद्या काय हवं ते आदल्या रात्री मुख्य वेटरला सांगायचं, म्हणजे वरण-भात, भाजी मिळते. तर्री-पोहे मिळत नाहीत. ते त्यांनी सांगूनही पाहिलं.

विषुववृत्त ओलांडताना पोहण्याच्या तलावाकाठी समुद्रदेव नेपच्यून राजाचा दरबार भरला. पहिल्यांदा ओलांडणाऱ्यांनी माशाचा मुका घ्यायचा, अशी तिथली जुनी रीत. काकूंनी लांबूनच हात जोडले.

[दृश्य: दिनक्रमाचं पत्रक. त्यामागे पेन्सिलीने केलेली आकडेमोड.]

मग आला तो आठवडा. ताहितीहून ऑकलंडच्या वाटेवर आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे मागे नेत राहिलं, तर पृथ्वीची फेरी होईपर्यंत चोवीस तास जास्तीचे जमतात. ते कुठंतरी वजा करावे लागतात, आणि त्यासाठी १८० अंश रेखावृत्ताच्या आसपासची जागा ठरलेली आहे. पत्रकात छापून आलं : सोमवारनंतर बुधवार.

काकूंचा मंगळवारचा उपास. कित्येक वर्षांत मोडलेला नाही.

"मंगळवारच नाही, तं उपास कवा धरू जी?"

काका बँकेतून निवृत्त झालेले. ते पत्रकाची मागची बाजू घेऊन बसले. जहाजाची वेळ तेव्हा नागपूरच्या साडेसोळा तास मागे होती. म्हणजे जहाजावर सोमवारचे सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा नागपुरात मंगळवार लागतो. जहाजावर सोमवारची मध्यरात्र होते, तेव्हा नागपुरात मंगळवारी दुपारचे साडेचार. काकूंनी सोमवारीच उपास धरला, नागपूरच्या हिशेबाने. मुख्य वेटर नुसती फळं का, म्हणून दोनदा विचारून गेला. त्याला समजावण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

आणि हो, त्या मंगळवारी ज्यांचा वाढदिवस होता, त्यांना केक बुधवारी मिळाला.

[दृश्य: केबिनबाहेरचा लांब बोळ. पाठमोरा तरुण, हातात टॉवेलची चळत.]

हा केबिन सांभाळणारा मुलगा गोव्याचा. काकू त्याला 'बाळा' म्हणायच्या. त्याच्यासाठी 'सी डे' आणि बंदराचा दिवस यांत फरक एवढाच, की बंदराच्या दिवशी खोल्या लवकर रिकाम्या होतात. अशी नोकरी सहा ते नऊ महिन्यांच्या कराराची असते, आणि आठवड्याची सुट्टी म्हणून नसते. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती हवी, असं आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार सांगतो. ती एकसलग मिळेलच असं नाही. झोपायला खालच्या मजल्यावर दोघांत एक खोली. खाली जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मोठा रस्ता जातो. बऱ्याच जहाजांवर त्याला अमेरिकेतल्या महामार्गावरून 'आय-९५' म्हणतात. प्रवाशांना तिकडं जायची मुभा नसल्यामुळे काकांच्या मोबाइलमध्ये तो नाही.

ऑकलंडच्या आदल्या रात्री काकूंनी बॅग उपसली. न्यूझीलंडमध्ये खायचा पदार्थ न सांगता नेला आणि सापडला, तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. सीलबंद चिवडा, शेव, संत्रा बर्फी, सगळं केबिनमध्येच राहिलं. दुसऱ्या दिवशी शहर बघून परत आल्यावर काकूंनी त्यातला चिवडा त्या मुलाला दिला. तिखट आहे, असं दोनदा बजावून.

सिडनीला सकाळी आठला केबिन रिकामी करायची होती. बॅगा आदल्या रात्रीच बाहेर ठेवलेल्या. खात्याचं बिल दारात आलं, त्यात रोजची टीप आधीच धरलेली. काकांनी ते तीनदा तपासलं आणि कपडे धुण्याचे पैसे एकदा जास्त लागलेत, असं काकूंना सांगितलं. तक्रारीच्या खिडकीवर रांग होती. काका रांगेत उभे राहिले.