रक्त परत येतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. हृदयाची रोहिणी तुंबली की पुढच्या पेशी ऑक्सिजनवाचून मरतात, हे आपण ऐकून असतो. पण बऱ्याच पेशी मरतात त्या रोहिणी उघडल्यानंतर, रक्त परत आल्यावर!

पेशीला लागणारी ऊर्जा, म्हणजे एटीपी, मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या इवल्या वीजघरांत, तयार होते. ऑक्सिजन तुटला की एटीपी आटतं, आम्लता वाढते, कॅल्शियम चढतं आणि मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट नावाचं रसायन साचतं. एवढं होऊनही मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातलं एक छिद्र बंदच राहतं, कारण आम्लता ते उघडू देत नाही. मग अँजिओप्लास्टी होते, रोहिणी उघडते आणि रक्त परत येतं. साचलेलं सक्सिनेट काही मिनिटांत भराभर जळतं, इलेक्ट्रॉन उलटे फिरतात आणि ऑक्सिजनच्या घातक रेणूंचा लोंढा सुटतो. त्यात आम्लताही उतरते. छिद्र उघडतं, पडद्यावरचा विद्युतदाब कोसळतो, मायटोकॉन्ड्रिया पाणी ओढून फुगतो आणि फुटतो.

छिद्र उघडायला मदत करणारं प्रथिन म्हणजे सायक्लोफिलिन-डी. ते नसलेल्या उंदरांत हृदयाची आणि मेंदूचीही हानी कमी होते, हे 2005 मध्ये दिसलं. किडनी बसवलेल्या रुग्णांना देतात ते सायक्लोस्पोरिन हे औषध याच प्रथिनाला चिकटतं आणि त्याला अडवतं. मग हृदयाच्या झटक्यावर ते का देत नाहीत? देऊन पाहिलं. 2015 च्या मोठ्या चाचणीत रोहिणी उघडण्याआधी किलोमागे अडीच मिलिग्रॅम शिरेतून दिलं. वर्षभरानंतर फायदा दिसला नाही. मला यात एक साधी अडचण दिसते: रोहिणी बंद असताना औषध पलीकडे पोचणार कसं? ते रक्ताबरोबरच पोचतं आणि छिद्र तर पहिल्या काही मिनिटांत उघडतं. शिवाय प्रयोगातला उंदीर तरुण आणि धडधाकट; आपला रुग्ण साठीचा, मधुमेही, आधीच चार गोळ्या घेणारा.

मेंदूला तर तेवढाही अवधी नाही. हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. म्हणून माणूस कोसळला, हाक मारून हलला नाही, श्वास नीट चालत नसला, तर कुणाला तरी 108 लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. अनेकांची चूक इथेच होते. हातांचा भार छातीवर तसाच राहतो आणि हृदयात रक्त भरत नाही.

नाडी परत आल्यावर आयसीयूत ऑक्सिजन कमी केलेला पाहून नातेवाईक घाबरतात. ते घातक रेणू आणखी वाढू नयेत म्हणून तो मुद्दामच कमी करतात, रक्तातली ऑक्सिजनची पातळी साधारण 94 ते 98 टक्के राहील एवढाच ठेवतात, आणि ताप चढू देत नाहीत.