क्ष-किरण: सात आठवड्यांची तपासणी

(दृश्य: अंधारी प्रयोगशाळा, काळ्या पुठ्ठ्यात गुंडाळलेली काचेची नळी)

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतलं वुर्झबर्ग विद्यापीठ. प्राध्यापक विल्हेम रॉन्टजेन जवळजवळ निर्वात केलेल्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडत होते. पुठ्ठ्यातून प्रकाशाची तिरीपही बाहेर येत नव्हती. तरीही जवळचा कागद चमकू लागला. त्या कागदावर बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप होता. नळी बंद केली की चमक जायची, चालू केली की परत यायची. कागद दोन मीटर लांब नेला तरी तेच! नळीत तयार होणारे कॅथोड किरण (म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत) हवेत इतके लांब जातच नाहीत. म्हणजे हे वेगळंच काहीतरी होतं.

त्या संध्याकाळचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्यापुढचे सात आठवडे जास्त मोलाचे वाटतात. हाताला लागेल ती वस्तू रॉन्टजेन किरणांच्या वाटेत धरून बघत होते. हजार पानांचं पुस्तक? किरण आरपार. दोन-तीन सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी? तीही आरपार. ॲल्युमिनियमचा पंधरा मिलिमीटरचा थर त्यांना बराच क्षीण करायचा, पण पुरता अडवायचा नाही. शिशाचा मात्र दीड मिलिमीटरचा पत्राच पुरला.

(दृश्य: ॲना बर्था यांच्या हाताचं छायाचित्र)

२२ डिसेंबरला त्यांनी पत्नीचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला लावला. नीट बघा. मांसाची नुसती फिकट सावली आहे, हाडं गडद आहेत आणि सगळ्यांत काळी दिसते ती अंगठी.

हा फरक अणूंमुळे पडतो. मांसात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन असतात. त्यांचे अणुक्रमांक १, ६ आणि ८. हाडातल्या कॅल्शियमचा २०, शिशाचा ८२. अणुक्रमांक दुप्पट झाला की एकेका अणूचं शोषण दुप्पट होऊन थांबत नाही, ते दहापटीहूनही वाढतं. उलट, किरणांची ऊर्जा वाढवली की शोषण झपाट्याने घटतं. म्हणूनच मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला, २५ ते ३० किलोव्होल्ट पुरतात आणि छातीच्या एक्स-रेसाठी मशीन १२० च्या आसपास लावतात.

चुंबक लावूनही किरण वळले नाहीत, म्हणजे त्यांच्यावर विद्युतभार नव्हता. विद्युतभारित वस्तूजवळून ते गेले की तिचा भार मात्र निघून जायचा, कारण ते हवेतल्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. शरीरातल्या पेशींतही हेच घडतं, म्हणून एक्स-रे गरजेपुरताच काढायचा.

एका ठिकाणी मात्र रॉन्टजेन अडले. हे किरण प्रकाशासारखे असतील तर प्रिझममधून जाताना वळायला हवेत. पाण्याचे प्रिझम झाले, कार्बन डायसल्फाइडचेही झाले. किरण सरळच!

त्याचा उलगडा व्हायला १९१२ साल उजाडलं. म्युनिकमध्ये भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांना वाटलं, की या लहरी फारच आखूड असतील, तर स्फटिकातल्या अणूंच्या रांगा त्यांना ठरावीक दिशांना विखुरणाऱ्या जाळीचं काम देतील. त्यांचे सहकारी फ्रिडरिश आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून किरण सोडले आणि काचेवर ठिपके उमटले. लहरीच होत्या त्या! दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, क्ष-किरणांची साधारण १० पासून ०.०१ पर्यंत. इतक्या आखूड लहरींचा मार्ग प्रिझममध्ये जेमतेम बदलतो. रॉन्टजेन यांच्या उपकरणांना तो बदल दिसणं शक्यच नव्हतं.

पुढच्याच वर्षी ब्रॅग पिता-पुत्रांनी याच तंत्राने साध्या मिठाचा स्फटिक उलगडला: सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक, मधलं अंतर ०.२८ नॅनोमीटर.