जन्माचा दाखला मागितलेला राष्ट्राध्यक्ष

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ओबामा, वर्ण आणि विरोधक’. विषय ऐसपैस आणि वेळ बेताचा, तेव्हा न्यू जर्सीत असताना ज्या प्रश्नावरून माझं मित्रांशी हटकून वाजायचं, तोच आधी घेतो. ओबामांना एवढा विरोध झाला, तो ते काळे होते म्हणून का?

निम्मे मित्र म्हणायचे, हे काय विचारणं झालं? उरलेले म्हणायचे, छे, राजकारण आहे, कोणीही असता तरी झाला असता. मला दोघांचंही पटायचं नाही. माझ्या मते ते दोन निराळे विरोध होते. त्यांची सोयरीक नंतर जमली.

पहिला विरोध संसदेतला. सत्तेवर येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. देश मंदीत, माणसांची घरं बँकेच्या ताब्यात चाललेली. २८ जानेवारी २००९ ला अर्थव्यवस्था सावरण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात मताला आलं आणि रिपब्लिकन पक्षाचं एकही मत पडलं नाही. सिनेटमध्ये तीन पडली. पुढच्या वर्षी आरोग्यविम्याचा कायदा प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी पार झाला, तेव्हाही विरोधकांचं मत शून्य. ऑक्टोबर २०१० मध्ये सिनेटमधले त्यांचे नेते मिच मॅकॉनेल उघड म्हणाले की, ओबामा एकाच मुदतीचे राष्ट्राध्यक्ष ठरावेत हे आमचं सर्वांत मोठं उद्दिष्ट.

हे वाक्य वर्णद्वेषाचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केलं जातं. मी त्यावर १९९३ ची आठवण द्यायचो. क्लिंटन गोरे, तेही दक्षिणेतल्या आर्कान्सोचे. त्यांच्या पहिल्या अर्थसंकल्पालाही दोन्ही सभागृहांत एक रिपब्लिकन मत मिळालं नव्हतं. सिनेटमध्ये बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या मतानं तो तरला. पुढे त्यांच्यावर महाभियोगही झाला. तेव्हा अडवणूक ही जुनी रीत आहे, आणि ती फळते. नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत ओबामांच्या डेमोक्रॅट पक्षानं प्रतिनिधिगृहात ६३ जागा गमावल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी हा गृहस्थ मुंबईत उतरला. कुलाब्याच्या शाळेत मुलांबरोबर नवरा-बायको कोळीनृत्यात नाचले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. झेवियर्स कॉलेजात एका विद्यार्थिनीनं थेट निकालाचंच विचारलं. मार खाऊन आलेल्या पुढाऱ्याला परक्या देशात असा प्रश्न आला की तो उडवून लावतो. यांनी, धोरणात काही दुरुस्त्या कराव्या लागतील, असं कबूल केलं. दिल्लीत संसदेपुढे बोलताना त्यांनी बाबासाहेबांचं नाव घेतलं, एक दलित माणूस साऱ्या भारतीयांच्या हक्कांची घटना लिहितो असं म्हणाले. काळा अमेरिकन राष्ट्राध्यक्ष हे आपल्या संसदेत म्हणतो, याचं मोल मला त्या कोळीनृत्यापेक्षा जास्त वाटतं. आपल्याकडे चर्चा मात्र नाचाचीच जास्त झाली.

आता दुसरा विरोध. हा माणूस इथला नाहीच, केनियात जन्मला, दाखला दाखवा! प्रचाराच्या काळात, २००८ मध्येच, त्यांनी दाखल्याचा छोटा नमुना जाहीर केला होता. ऑगस्ट १९६१ च्या होनोलुलूच्या वर्तमानपत्रात जन्माची नोंद छापलेली होती. तरी भागेना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला पूर्ण दाखला जगापुढे ठेवावा लागला. मी तो ओळीओळीनं वाचलाय. ४ ऑगस्ट १९६१, संध्याकाळी ७ वाजून २४ मिनिटं. वडील २५ वर्षांचे, जन्म केनिया, व्यवसाय विद्यार्थी. आई १८ वर्षांची, जन्म कॅन्सस. वंशाच्या रकान्यात वडिलांपुढे ‘आफ्रिकन’, आईपुढे ‘कॉकेशियन’. त्या वर्षी हे जोडपं हवाईऐवजी व्हर्जिनियात राहत असतं तर त्यांचं लग्न तिथं गुन्हा ठरलं असतं; काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी करणारे ते कायदे सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये मोडीत काढले.

क्लिंटनवर काय काय आरोप झाले! पण तू इथला नाहीस असं त्यांना कोणी म्हटलं नाही. इथं वर्ण आहे, आणि इथं मला शंका नाही. सोयरीक जमली ती इथंच. पक्षातल्या जाणत्यांना हे खोटं आहे हे ठाऊक होतं, पण सभा त्यावर भरतात हेही दिसत होतं. २००८ मध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई म्हणाल्या, मला त्यांचा भरवसा वाटत नाही, ते अरब आहेत. ओबामांविरुद्ध उभे असलेले रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी त्यांच्या हातून माइक घेतला आणि सांगितलं, नाही बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मतभेद आहेत इतकंच. स्वतःच्याच सभेत! पुढे दाखल्याची मोहीम जोरानं चालवणारा माणूस २०१६ मध्ये त्याच पक्षाचा उमेदवार झाला.

स्वतः ओबामा याबद्दल जपून बोलत. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर म्हणाले, या रागामागे वर्ण आहे. ओबामांनी दुजोरा दिला नाही. टीव्हीवर हसत म्हणाले, मी निवडणुकीच्या आधीपासून काळाच आहे. जपण्याला कारण होतं. जुलै २००९ मध्ये हार्वर्डच्या एका काळ्या प्राध्यापकांना त्यांच्याच घरी अटक झाली. पोलिसांनी मूर्खपणा केला, असं ओबामा बोलून गेले आणि केवढा गदारोळ! अखेर प्राध्यापक आणि पोलीस अधिकारी दोघांना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर बिअरला बोलवावं लागलं.

आता आपलं थोडं. ओबामांनी बंगळूरला नोकऱ्या नेणाऱ्या कंपन्यांच्या करसवलतींवर तोंडसुख घेतलं, तेव्हा आमच्या मराठी घरांत नाराजी झाली, ते समजू शकतो. पण तिथं पाऊल ठेवल्या ठेवल्या मला पहिला सल्ला मिळाला तो असा: घर बघशील तर काळ्यांच्या वस्तीत बघू नकोस. देणारे सज्जन, दर गणपतीला आरतीत पुढे उभे राहणारे. त्याच घरात मी ओबामांच्या विजयानंतर, आता काय, त्यांचंच राज्य, हेही ऐकलं. हे आपण अमेरिकेत जाऊन शिकलो नाही. सामानाबरोबर इथूनच नेलं.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे: अमेरिका एवढी वर्णद्वेष्टी, तर ते दोनदा निवडून आले कसे? रास्त प्रश्न आहे. १९६४ च्या लिंडन जॉन्सननंतर कुठल्याच डेमोक्रॅट उमेदवाराला गोऱ्यांची निम्मी मतं मिळालेली नाहीत. तरी २००८ मध्ये ओबामांना ती २००४ चे उमेदवार, गोऱ्या जॉन केरींपेक्षा जास्त मिळाली. आणि आयोवा राज्यातली हॉवर्ड काउंटी घ्या; काउंटी म्हणजे तिथला जिल्हा. शेतीचा मुलूख, जवळपास सगळी वस्ती गोरी. २०१२ मध्ये तिनं ओबामांना वीस टक्क्यांहून जास्त आघाडी दिली आणि चार वर्षांनी तितकीच ट्रम्पना. दोनदा ओबामांना आणि मग ट्रम्पना कौल देणाऱ्या अशा दोनशेहून जास्त काउंट्या आहेत. त्या शेतकऱ्याला वर्णद्वेष्टा म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. पण ज्याला दोनदा निवडलं, त्याचाच दाखला मागत फिरलेल्या माणसाला मत देताना त्याला काही टोचलं नाही, हेही मी विसरू शकत नाही.