रात्रपाळीची सिस्टर

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला एका रात्रीबद्दल बोलायचं आहे. माझ्या बाबांना रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालं होतं आणि सकाळी पहिली किमो होती. रात्रीचे दोन वाजून गेलेले, वॉर्डमधले दिवे मंद केलेले. बाबा छताकडे बघत पडले होते आणि मी शेजारच्या खुर्चीत झोपेचं सोंग घेऊन बसले होते.

रात्रपाळीची सिस्टर सलाईन बदलायला आली. तिनं आधी आपले तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग बाबांचं मनगट हातात घेतलं. सलाईन बदलून झालं तरी ती गेली नाही. स्टूल ओढून बसली. "काका, झोप येत नाही ना?"

दोन दिवस आम्हा घरच्यांना न विचारलेला प्रश्न बाबांनी तिला विचारला. "सिस्टर, मी वाचेन का?"

"ते मला नाही सांगता येणार, काका. पण सकाळी सातपर्यंत मी इथंच आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल? नको असेल तर नको म्हणा, मला वाईट वाटणार नाही."

तिनं विचारलं, श्रोतेहो. आधी विचारलं. माझे बाबा देवापुढे कधीही हात न जोडलेले. ते म्हणाले, "मला त्यातलं काही येत नाही."

"मी म्हणते, तुम्ही ऐका. नकोसं झालं की बोट उचला, मी थांबेन."

मग ती अगदी हळू, रोजच्या बोलण्यासारखं म्हणाली, "काकांना दोन-तीन तास शांत झोप लागू दे. उद्या सुई लावताना शीर पहिल्याच खेपेला सापडू दे. मनात जे आहे ते त्यांना कुणाशी तरी बोलता येऊ दे. आणि त्यांच्या लेकीलाही डोळा लागू दे."

आजार जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. जे देणं आपल्या हातात नाही, त्याची आशा तिनं प्रार्थनेतूनही दाखवली नाही. बाबांनी बोट उचललं नाही. हळूहळू त्यांचा श्वास संथ झालेला मला ऐकू आला.

इथं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक खाटेशेजारी स्टूल हवंच. भेटायला येणारे पायाशी उभे राहतात, "एकदम कसं काय झालं?" विचारतात आणि घड्याळ बघून निघतात. आजारी माणसाकडे गेलात तर बसा. पाचच मिनिटं थांबा, पण बसा.

सिसिली सॉन्डर्स यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्या आधी नर्स, मग समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झाल्या. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणारं रुग्णालय, सुरू केलं. त्यांचं सांगणं असं, की दुखणं एकट्या शरीराचं नसतं, ते मनाचं असतं, घरादाराचं असतं आणि श्रद्धेचंही असतं. म्हणून औषध वेळेवर हवं आणि शेजारी माणूसही हवं.

प्रार्थना म्हणजे औषध नव्हे. अमेरिकेत हृदयाची बायपास झालेल्या 1802 रुग्णांवरचा मोठा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांनी दुरून केलेल्या प्रार्थनेनं शस्त्रक्रियेनंतरचे त्रास कमी झाले नाहीत. उलट, आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात ते थोडे जास्तच आढळले. मला वाटतं, 'म्हणजे माझी तब्येत इतकी बिघडली आहे का?' ही धास्ती कुणाच्याही मनात येईल. म्हणून पुन्हा सांगते, आधी विचारा. नको म्हटलं तर नुसतं शेजारी बसा.

त्या सकाळी सातला ड्यूटी बदलली. सिस्टरनं फाईलमध्ये लिहिलं होतं, 'झोप 2.40 ते 5.50'. दिवसपाळीच्या सिस्टरला ती सांगत होती, "उजव्या हाताच्या शिरा दुखावल्यात, डावा हात बघा. आणि काकांना काही विचारायचंय. डॉक्टरांना जरा बसायला सांगा."

राउंडवर आलेले डॉक्टर त्याच स्टुलावर बसले. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्यासमोर त्यांना तोच प्रश्न विचारला.