जुन्या सायकलचं माप

ही पिन बघा. बोटाच्या दोन पेरांएवढी लांबी, एका बाजूने उतरती घासलेली, टोकाला आटे आणि त्यावर एक छोटा नट. कॉटर पिन. जुन्या सायकलचा क्रँक, म्हणजे ज्याच्या टोकाला पेडल फिरतं तो हात, मधल्या ॲक्सलवर धरून ठेवते ती ही. मी पहिली जुनी सायकल खोलली तेव्हा अशीच एक पिन हातोडीने ठोकून वाकवली आणि दुसरी आणायला गेलो. "कॉटर पिन द्या" म्हटलं, लगेच मिळाली. घरी येऊन बसवली तर ती भोकात हलत होती. ती ९ मिलिमीटरची होती, माझ्या क्रँकला हवी होती साडेनऊची. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, पण त्या अर्ध्या मिलिमीटरने पेडल मारताना दर फेरीला 'टक' असा आवाज येतो, आणि तो आवाज चालू ठेवून सायकल चालवली तर थोड्या दिवसांत क्रँकचं भोकच खराब होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळत आलो आहे आणि आज तेवढंच सांगायला उभा आहे. जुन्या सायकलचा भाग नावाने शोधू नका, मापाने शोधा. व्हर्नियर कॅलिपर, आट्यांचा गेज आणि एक वही. पाने-पक्कड त्यानंतर.

मापांचा हा गोंधळ कुठून आला? सायकल वाढली ती वेगवेगळ्या देशांत, आणि प्रत्येक देशाने आपापले आटे ठरवले. मधल्या ॲक्सलचे कप घ्या, म्हणजे फ्रेमच्या तळाशी दोन्ही बाजूंनी जे आट्यांवर बसतात ते. ब्रिटिश पद्धतीत इंचाला २४ आटे. इटालियन कपाचा व्यास ३६ मिलिमीटर, फ्रेंच आणि स्विस ३५. बरं, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची रॅले ही एवढी मोठी कंपनी, पण तिने आपल्या कित्येक सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले. कपाचा व्यास ब्रिटिशच, दिसायला अगदी सारखा. दोन फेरे सहज जातो आणि मग अडतो. तिथे ज्याने पाना लावून जोर केला, त्याने फ्रेमचे आटे कापले. आणि फ्रेमचे आटे काही दुकानात मिळत नाहीत.

त्यातच दिशेचा प्रश्न. ब्रिटिश सायकलच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. स्विसचंही तसंच. फ्रेंच आणि इटालियन सायकलींत मात्र दोन्ही कप सुलटे. मी एकदा दोन दिवस एक कप सोडवत बसलो होतो. तेल घातलं, पान्यावर पाइप चढवला, आणि प्रत्येक जोरासरशी तो आणखी घट्ट करत होतो. फ्रेम ब्रिटिश होती, मी सुलट्या आट्यांचा समजून चाललो होतो. आता कुठल्याही कपाला हात लावण्याआधी फ्रेमवरचा शिक्का, बनावटीचा देश आणि कप ज्यात बसतात त्या आडव्या नळीची रुंदी वहीत लिहितो. रुंदी ६८ मिलिमीटर असेल तर साधारण सगळं नेहमीचं. ७१ किंवा ७६ निघाली तर २६ आट्यांचा संशय धरायचा, आणि मूळ कप काही झालं तरी जपायचे. नुसता गंज चढलेला कप साफ होतो. बदली मिळवायला वर्ष जाऊ शकतं.

टायरची कथा याहून मोठी आहे. "२६ इंची टायर द्या" या वाक्याला जवळजवळ काहीच अर्थ नाही. २६ इंची म्हणवणाऱ्या रिमांवर टायरची कड जिथे बसते तो व्यास ५५९ असतो, ५७१ असतो, ५८४, ५९०, ५९७ असतो, सगळे मिलिमीटर. जुन्या तीन गिअरच्या सायकलींवरचं २६ × १ ३/८ म्हणजे ५९०. माउंटन बाइकचं २६ म्हणजे ५५९. एकाचं टायर दुसऱ्यावर जाणारच नाही. रॉड ब्रेकच्या मोठ्या काळ्या सायकलींचं २८ × १ १/२ म्हणजे ६३५, आणि तशा सायकली अजून बनतात म्हणून ते टायर अजून नवं मिळतं. २७ × १ १/४ म्हणजे ६३०, आणि आजचं ७०० सी म्हणजे ६२२. यात एक उपयोगाची फट आहे. ६३० आणि ६२२ मध्ये व्यासाचा फरक फक्त ८ मिलिमीटर, म्हणजे ब्रेकचा रबर ४ मिलिमीटर खाली सरकवला की ७०० ची चाकं २७ च्या फ्रेममध्ये बसतात. ब्रेकच्या हातात तेवढी जागा आहे का, हे आधी मोजायचं. टायरच्या बाजूवर हल्ली हा तीन अंकी आकडा छापलेला असतो. इंचांकडे बघूच नका, तो आकडा वाचा.

आता परत या पिनेकडे, कारण बहुतेक जण इथेच नाउमेद होतात. पिन काढताना नट पूर्ण काढू नका, आट्यांच्या टोकाशी समतल येईल इतकाच सैल करा, म्हणजे मार आट्यांवर एकटा पडत नाही. क्रँकच्या खाली, बरोबर पिनेच्या भोकाभोवती टेकेल असा लोखंडी पाइप जमिनीपर्यंत उभा करा. पिनेचं डोकं त्या पाइपच्या पोकळीत उतरलं पाहिजे. हे न करता ठोकलं तर सगळा मार छर्‍यांवर जातो आणि कपात खळगे पडतात. आदल्या रात्री झिरपणारं तेल सोडून ठेवा. मग एकच, जड हातोडीचा, सरळ घाव. दहा हलक्या घावांनी पिन वाकते, एका जड घावाने सुटते.

नवी पिन बसवताना तिचा उतार कानशीने घासून जमवावा लागतो. घासायची, बसवून बघायची, काढायची, ॲक्सलच्या सपाटीचा चमकदार ठसा उतारावर कुठे पडलाय ते पाहायचं, पुन्हा घासायची. ठसा पूर्ण उतारावर पसरला की जमली. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट बसतात, एका क्रँकचा नट वर असेल तर दुसऱ्याचा खाली. तसं नसेल तर दोन्ही पेडलं एका रेषेत येत नाहीत. आणि नट आवळून पिन आत ओढायची नाही. पिन ठोकून बसवायची, नट फक्त ती जागेवर राखतो.

छर्‍यांबद्दल फार बोलायला नको. जुने कधीच परत घालू नका, चांगले दिसले तरी. मधल्या ॲक्सलला सहसा पाव इंची, एका बाजूला ११. मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागाला, पाव इंची, बाजूला ९. पुढच्या हबला ३/१६ इंची, बाजूला १०. खोलताना मोजून वहीत लिहा, कारण तुमच्या आधी कोणी तरी एखादा कमी घातलेला असू शकतो.

मला सर्वांत प्रिय भाग मागच्या चाकात असतो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. कंपनी १९०२ सालची, नॉटिंगहॅमचीच, आणि एडब्ल्यू हे तिचं सगळ्यांत पसरलेलं मॉडेल. आत २० दातांचं मधलं चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रं, बाहेर ६० दातांची कडी. दुसरा गिअर सरळ. तिसऱ्यात चाक तिसऱ्या हिश्शाने जास्त फिरतं, कारण एक अधिक वीस भागिले साठ. पहिल्यात पाव हिश्शाने कमी. बऱ्याच हबच्या शेलवर बनल्याचं साल दोन आकड्यांत ठोकलेलं असतं, पुढे पुढे महिनाही. सायकल कुठल्या काळातली हे ठरवायला माझा पहिला आधार तोच, पण चाक मध्ये कधी बदललेलं असू शकतं, म्हणून एकटा नाही.

हा हब 'गेला' म्हणून टाकून देतात तेव्हा फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा आत तेल आटून डिंक झालेला असतो आणि कुत्र्यांच्या, म्हणजे पकड घेणाऱ्या पॉलच्या, केसाएवढ्या स्प्रिंगा चिकटलेल्या असतात. रॉकेलने धुवा, हलकं तेल घाला, पुन्हा टिकटिक सुरू होते. गिअर जमवायचा तर लिव्हर दोनवर ठेवा आणि उजवीकडच्या लांब नटच्या भोकातून आत बघा. गिअरची बारीक साखळी जिला जोडलेली असते त्या कांडीचं टोक ॲक्सलच्या टोकाशी बरोबर समतल आलं पाहिजे. तिथे चूक राहिली तर दोन आणि तीनच्या मध्ये पेडल मोकळं सुटतं, आणि उभं राहून जोर लावताना ते सुटलं तर माणूस पडतो. आतले भाग खरोखर झिजले असतील तरी आशा आहे. २००० साली तैवानच्या सनरेसने कंपनी घेतली, तीन गिअरचे हब बनत राहिले, आणि जुन्या हबांचे कितीतरी भाग एकमेकांना चालतात.

मग भाग शोधायचे कुठे? माझा अनुभव सांगतो. सगळ्यांत चांगला साठा म्हणजे त्याच काळाची दुसरी मोडकी सायकल. फ्रेम वाकलेली, पण हब, कप, मडगार्डच्या सळया शाबूत. त्यानंतर जुन्या मिस्त्रींचे खण, जिथे न वापरलेले भाग तेलकट कागदात पडून असतात. तिथे आपला जुना तुकडा हातात घेऊन जा. मिस्त्री नाव ऐकून मान हलवतो, तुकडा बघितला की खण उघडतो. तिसरं म्हणजे जुन्या सायकलींची माणसं. ब्रिटनमध्ये १९५५ पासून व्हेटरन-सायकल क्लब आहे. इटलीत १९९७ पासून एरोइका ही फेरी भरते, तिथे १९८७ च्या आधीच्या धाटणीच्या सायकलीच लागतात. अशा मेळाव्यांमुळे किती तरी विसरलेले भाग पुन्हा बाजारात आले. आणि म्हणूनच, बदली भाग बसून सायकल चालेपर्यंत जुना तुटका भाग फेकू नका. तो तुमचा नमुना आहे.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे, वाद घालायचा तर नंतर घालू. मूळ रंग अर्धा जरी शिल्लक असेल तर फ्रेम रंगवू नका. हाताने ओढलेली सोनेरी रेघ एकदा गेली की गेली. गंज काढायला ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी, हातमोजे घालून, नंतर सोड्याच्या पाण्याने धुवून. जस्ताचा मुलामा असलेले भाग आणि चामडं त्यात कधीही बुडवायचं नाही. क्रोमला ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून घासा, ती क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. काचकागद मारायचाच असेल तर ओला मारा आणि मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

एक अडचण सगळ्यांना येते, अडकलेली सीटची नळी, म्हणजे जिच्यावर सीट बसते आणि जी फ्रेममध्ये शिरते ती. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची नळी वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिली की तिच्यावर ऑक्साइड धरतं, आणि ते फुगून नळीला आवळतं. इथे माणसं फ्रेमला आच देतात. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे फ्रेमबरोबर नळी तापली की ती आणखी घट्ट होते. उलट करा, नळी बर्फाने गार करा. तेल वरून सोडा, मग सायकल उलटी करून खालूनही सोडा, आणि रोज थोडं, आठवडाभर. मग सीट लावून दोन्ही बाजूंना हलवत वळवा. घाई केली तर फ्रेमची नळी पिळवटते.

फ्रेम सरळ आहे का, हे सगळ्यांच्या आधी बघायला हवं होतं, मी शेवटी सांगतोय. एक लांब दोरा घ्या. मागच्या चाकाचा ॲक्सल फ्रेमच्या ज्या दोन खाचांत बसतो त्यातल्या एकीत बांधा, पुढे नेऊन हँडलच्या नळीभोवती फिरवा, परत दुसऱ्या खाचेत आणा, ताणून बांधा. आता दोरा फ्रेमच्या उभ्या नळीपासून, म्हणजे जिच्यात सीटची नळी शिरते तिच्यापासून, दोन्ही बाजूंना किती दूर आहे ते व्हर्नियरने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर पैसे आणि वेळ घालण्याआधी ती जाणत्याला दाखवा. पुढचा फोर्क जिथे वर जोडलेला असतो तिथे उजेडात भिंग लावून बघा. केसासारखी भेग दिसली तर तो फोर्क भिंतीवर टांगा, रस्त्यावर नेऊ नका. ब्रेकचे रबर, केबल आणि टायर, या तीन गोष्टी मूळच्या ठेवायचा मोह कधीही धरू नका. कडक झालेला रबर लोखंडी रिमवर पावसात जवळजवळ धरतच नाही.

आणि पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. चार-पाच किलोमीटर फिरा, परत या, दोन्ही कॉटर पिना पुन्हा एकदा ठोका आणि नट तपासा. पिना बसायला तेवढं अंतर लागतं. मी त्या दिवशी पाना खिशात घेऊनच निघतो.