पटावरची चार मुलं आणि राज्याची सरासरी

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या पावसातून आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘शिक्षणात सिंधुदुर्ग आणि महाराष्ट्र : एक तुलना’. ‘एक तुलना’ हे कार्यवाहांनी जोडलेलं शेपूट आहे. ही तुलना आपण जशी करतो तशी करू नये, हे सांगायला मी आलोय. पण पत्रिका छापून झाली होती आणि आपल्याकडे छापलेलं बदलत नाहीत, त्यामुळे तुलनाही करतो.

सुरुवात पेढ्यांनी करू. दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला: कोकण पुन्हा अव्वल. २०२४ ला कोकण विभाग ९९.०१ टक्के, राज्य ९५.८१. २०२५ ला आपण ९८.८२, राज्य ९४.१०. विभागीय मंडळ वेगळं झालं तेव्हापासून हा शिरस्ता मोडलेला नाही. करोनात, २०२१ साली, परीक्षाच झाली नाही. तरी राज्याचा निकाल ९९.९५ आणि आपला शंभर! परीक्षा न घेतासुद्धा पहिला येणारा दुसरा विभाग दाखवा मला. (हशा) हसताय, पण त्या वर्षीही पेढे खाल्लेत तुम्ही.

आता हा ‘कोकण विभाग’ म्हणजे कोण? ठाणे, पालघर, रायगड यात नाहीत, ते मुंबई विभागात. आपण म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे. परीक्षेला बसणारी मुलं तीस हजारांच्या आत. मुंबई विभागात तीन लाखांच्या वर. हा निकाल योगायोगाचा आहे असं मी म्हणत नाही, योगायोग इतकी वर्षं टिकत नाही. आपले मास्तर राबतात, आया मागे लागतात, मुलं शाळेत येतात. पण लातूर विभाग टक्केवारीत आपल्या मागे असतो, आणि मेडिकलची गोष्ट निघाली की आपलेच लोक पोराला लातूरला ठेवायला निघतात. इथे बसलेल्यांपैकीही आहेत. नावं घेत नाही, चहा त्यांच्याकडेच आहे.

तर मुद्दा असा की राज्याच्या सरासरीशेजारी आपला आकडा ठेवला की छाती फुगते किंवा मान खाली जाते, कळत काहीच नाही. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवायचो, तेव्हा एका शाळेत कळलं. शाळेचं नाव सांगत नाही, पत्र पाठवणाऱ्या कार्यालयाचंही सांगत नाही. पेन्शन चालू आहे.

शाळा वाडीच्या टोकाला, पुढे व्हाळ म्हणजे ओढा, त्यावर साकव, छोटा पूल. पट अकरा. तिसरीत चार मुलं. वर्षारंभी पायाभूत चाचणी झाली. हातच्याची वजाबाकी तिघांना आली, एकाला नाही. तो पोरगा चिरेखाणीवर आलेल्या कुटुंबातला, घरी कन्नड. त्याला वजाबाकी येत नव्हती असं नाही. बाईंनी खडे मांडले की तो बरोबर काढायचा. कागदावरचा मराठी प्रश्न त्याला वाचता येत नव्हता. आदल्या वर्षीच्या तिसरीत दोनच मुलं होती, दोघांनाही आली होती. म्हणजे तेव्हा शंभर टक्के, आता पंच्याहत्तर.

पंधरवड्यात पत्र. ‘आपल्या शाळेची गणित संपादणूक राज्य सरासरीच्या तुलनेत चिंताजनक असून गतवर्षीच्या तुलनेत २५ टक्के घट दिसून येते. कारणमीमांसा व कृती आराखडा तात्काळ सादर करावा.’ तात्काळ हा शब्द आमच्या खात्यात हवापाण्यासारखा असतो, त्याचं काही वाटत नाही. पण बाई नव्या होत्या, रडकुंडीला आल्या. ‘सर, पंचवीस टक्क्यांची कारणमीमांसा काय लिहू?’ आम्ही तिघं बसलो, बाई, मी आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. अध्यक्ष रिक्षा चालवायचे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “गुरुजी, पंचवीस टक्के म्हंजे चारातलां एक पोर मां? मगे तसांच लिवा!”

तसं लिहिता येत नाही. रकान्यात पोर बसत नाही, टक्काच बसतो. मग बाईंनी चार पानी आराखडा केला. त्यात ‘गटकार्य’ होतं, ‘सहाध्यायी अध्ययन’ होतं, मुलाचं नाव कुठेच नव्हतं. आराखडा गेला. दिवाळीनंतर खाणीचं काम थंडावलं, ते कुटुंब दुसरीकडे गेलं. पुढच्या चाचणीला तीनच मुलं, तिघांनाही वजाबाकी आली. निकाल शंभर टक्के.

अभिनंदनाचं पत्र आलं! ‘कृती आराखड्याच्या प्रभावी अंमलबजावणीमुळे’ असे शब्द होते त्यात. बाईंनी ते पत्र फाइलला लावलं आणि मला विचारलं, ‘सर, तो आता कुठल्या शाळेत असेल?’ मी दोन-तीन ठिकाणी फोन केले. लागला नाही पत्ता. ज्या शाळेत गेला असेल तिथे घट झाली असेल, तिथेही पत्र गेलं असेल.

(चिठ्ठी वाचतात) ‘दहा मिनिटे.’ अध्यक्षांनी दिलेली की दहा मिनिटं झाली? राहिली? बरं. म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलं ते आता सुरू करतो.

पहिली गोष्ट साक्षरता. २०११ ची जनगणना : राज्य ८२.३४, सिंधुदुर्ग ८५.५६. तीन टक्क्यांनी पुढे. बायकांमध्ये राज्य शहात्तरच्या आसपास, आपण ऐंशीच्या. पण दोन जनगणनांमध्ये आपली लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर घसरली. शिकलेली तरणी माणसं मुंबईला, गोव्याला. मुंबईतला चाकरमानी मुंबईच्या साक्षरतेत मोजला जातो, त्याची शाळा न पाहिलेली आजी आपल्यात. इथे शिकवून मोठी केलेली माणसं दुसऱ्याच्या रकान्यात जातात आणि तरी आपण पुढे आहोत. मग आपण नुसते ‘तीन टक्के पुढे’ आहोत का? तो आकडा आपल्या शाळांबद्दल फार कमी बोलतो.

दुसरी गोष्ट शिक्षकामागे विद्यार्थी. इथे राज्य आपल्याला सांगतं, तुमच्याकडे फार ऐश आहे, शिक्षकामागे मुलं कमी. कागदावर खरं आहे. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले, आणि अकरा मुलांना दोन शिक्षक म्हणजे माणशी साडेपाच मुलं, परदेशातसुद्धा मिळत नाहीत! पण एक बाई रजेवर किंवा मीटिंगला. उरलेल्या बाईंकडे चार इयत्ता. पहिली चिंचोके मोजते, दुसरी पाटीवर जोडाक्षरं, तिसरीला भागाकार, चौथीचा नकाशा फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात. पहिलीतलं पोर चिंचोका नाकात घालतं की काय तेही बघायचं. शहरात एका इयत्तेची चाळीस मुलं शिकवणाऱ्याला हे जमेल का, विचारा. दोन्ही ठिकाणचं गुणोत्तर एका तक्त्यात मांडून कोण सुखी हे ठरवता येत नाही. २०२४ च्या मार्चमधल्या संचमान्यतेच्या, म्हणजे किती पटाला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या, शासन निर्णयावर आपल्याकडे इतका ओरडा झाला तो यासाठी.

तिसरं अंतर. पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत शाळा हा कायदा. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं चाललंय, बसने मुलं न्यायची. सपाटीवर ठीक असेल. आपल्याकडे नकाशावरचा एक किलोमीटर जुलैत साकवावरून पाणी गेलं की... तुम्हाला काय सांगायचं, तुमच्यातल्या निम्म्यांनी आज व्हाळ ओलांडलाय. तेव्हा मुलामागचा खर्च राज्याशी ताडून ‘महाग शाळा’ म्हणण्याआधी डोंगराळ तालुक्यांची तुलना डोंगराळ तालुक्यांशी करा. दोडामार्ग, वैभववाडी यांच्याशेजारी भोर, राजगड (पूर्वीचं वेल्हे), शाहूवाडी ठेवा. राज्याच्या सरासरीत मुंबईही आहे आणि गडचिरोलीही. त्या सरासरीत राहणारं एकही मूल मला भेटलेलं नाही.

चौथा मुद्दा आंतरजिल्हा बदल्यांचा होता. बाहेरून नेमणूक झालेले शिक्षक रुळेपर्यंत बदलीची रांग लागते आणि वर्ग मध्येच सुटतो. सरासरीत हे कुठेच दिसत नाही. त्याचा अर्धा तास होता, आता नाही. प्रश्नोत्तरात कुणी विचारलं तर बोलेन, आणि कुणीतरी विचारेलच, समोर डी.एड. झालेली चार-पाच मुलं बसलेली मला दिसतायत.

(घंटा) झालं, झालं. माझी मागणी एवढीच. शाळेचा निकाल कुठेही छापा, टक्क्याशेजारी कंसात मुलं किती ते छापा. दहाच्या आतला वर्ग असेल तर टक्का छापूच नका, ‘चारपैकी तीन’ लिहा. लहान शाळेचं एका वर्षाचं बघू नका, तीन वर्षांची मुलं एकत्र मोजा. आणि मधेच दाखला घेऊन गेलेलं मूल कुठे गेलं, त्याचा एक रकाना ठेवा. हा मसुदा मी लिहून आणलाय. बाहेर चहाच्या टेबलावर आहे, सह्या करायच्या असतील त्यांनी करा. पेन मात्र परत ठेवा, वाचनालयाचं आहे.