सराफ्यातली जिलबी, काळजातली गल्ली

(दृश्य: इंदूर, रात्रीचा सराफा)

रात्रीचे साडेदहा. दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडली आणि त्याच ओट्यांपुढे कढया चढल्या. गराडू, भुट्ट्याचा कीस, आणि आपल्याला हवी ती पाक निथळणारी जिलबी. खाऊन घ्या. आता तिच्या मागोमाग जायचंय.

आतड्यात साखर रक्तात शिरते, पण ते रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल शिरेतून आधी यकृतात. ‘काळीज’ ते हेच बरं का! कवींनी तो शब्द हृदयाला देऊन टाकला. मटणवाल्याची कलेजी मात्र जागची हलली नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची स्लाईड)

१९४८ साली सुरू झालेल्या इथल्या एमजीएम मेडिकल कॉलेजच्या मुलांना ही यकृताची स्लाईड ओळखीची. पुस्तकातल्या षटकोनी खंडिका, म्हणजे यकृताचे चिमुकले कप्पे, डुकराच्या यकृतात कुंपण घातल्यासारख्या दिसतात, माणसाच्या यकृतात शोधाव्या लागतात. रुंदी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. मधोमध एक शीर. कोपऱ्यांवर पोर्टल शिरेची फांदी, धमनीची फांदी आणि पित्तनलिका, अशी तिघं एकत्र.

कोपऱ्यांकडून मधल्या शिरेकडे रक्त अरुंद गल्ल्यांतून झिरपतं. भिंतींना भोकं आहेत, त्यामुळे रक्तद्रव थेट पेशींना भिजवतो. गल्लीतच कुप्फर पेशी बसलेल्या. जंतू, जीर्ण तांबड्या पेशी, जे सापडेल ते गिळतात.

आणि यकृतपेशी? वीस-तीस मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काहींत चक्क दोन केंद्रकं. एका अंगाने ती रक्ताशी व्यवहार करते. शेजारणीला टेकलेल्या अंगाला इवलीशी पन्हळ असते, तिच्यात पित्त सोडते. रक्त आत चाललंय, पित्त बाहेर, आणि दोघांची कुठेही गाठ नाही. सराफ्यातल्या गर्दीला हे कधी जमलेलं नाही.

मग जिलबी कुठेय? पेशीने तिच्यातलं ग्लुकोज गुंफून ग्लायकोजेन केलं. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाईडवर ते बहुतेक धुऊन जातं, मागे कुरतडल्यासारख्या फिकट जागा उरतात. पीएएस नावाचा रंग दिला, की तेच गडद किरमिजी उठून दिसतं.

रात्रभर हा साठा सुटत राहतो, झोपलेल्या मेंदूलाही साखर लागतेच.

(दृश्य: पहाट, पोह्यांची गाडी)

सकाळी पोह्यांवर शेव पडते, तोवर साठा बराच उतरलेला असतो. बशीच्या कडेला, अर्थातच, जिलबी.